संमतीचा घटस्फोट आणि मुलांचे वार

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब नुसार परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचा, तर किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. 2017 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने योग्य प्रकरणात ही मुदत माफ करता येते, असं स्पष्ट केलं. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागेही घेता येते.

खरी काळजी घ्यायची ती मुलांबाबतच्या अटी लिहिताना. ‘वडील मुलाला अधूनमधून भेटतील’ एवढंच लिहू नका. पुढची भांडणं तिथूनच उगवतात. कुठला शनिवार, किती वाजता, आणणार-सोडणार कोण, गणपती कुणाकडे, दिवाळीची सुट्टी कशी वाटायची, शाळेची फी कोण भरणार, पासपोर्टच्या अर्जावर सही कोण करणार, हे सगळं कागदावर हवं. पाच वर्षांखालील मूल सहसा आईकडे राहतं, पण निर्णय मुलाच्या हिताचाच.

आणि पोटगी थकली म्हणून भेट अडवू नये, भेट अडली म्हणून पोटगीही थांबवू नये. दोन्हींसाठी न्यायालयात स्वतंत्र दाद मागता येते. मुलाला वसुलीचं साधन करणं हा त्याच्यावर अन्याय आहे.