आबाळ आणि सांभाळ

नेदरलँड्समधल्या वाखनिंगनहून ऱ्हाईन नदीच्या काठाकाठाने ऱ्हेनेनकडे सायकल घातली की ग्रेबे टेकडीच्या पायथ्याशी एक पाणथळ कुरण लागतं. नाव ब्लाऊवे कामर, म्हणजे निळी खोली. पूर्वी इथे विटांचा कारखाना होता. त्याचं धुराडं अजून उभं आहे. १९९२ साली इथला नदीकडचा बुटका बांध मुद्दाम फोडला आणि ऱ्हाईनला तिची जागा परत दिली. तेव्हापासून पूर आला की पाणी आत येतं, ओसरलं की गवत वर येतं. ते गवत खायला इथे गॅलोवे जातीची गुरं आणि कोनिक जातीचे घोडे मोकळे सोडलेले आहेत. कोनिक मूळचे पोलंडचे. अंगाने बुटके, उंदरासारख्या राखी रंगाचे, पाठीच्या कण्यावर काळी रेघ.

मी इथे येते ती घोडे पाहायला. तासभर एका जागी बसलं तरी फारसं काही घडत नाही. घोडे चरतात. चार पावलं टाकतात, पुन्हा चरतात. मधेच दोघे जण एकमेकांच्या पाठीवर मान टाकून दातांनी खाजवतात. एखादं शिंगरू गवतात सपशेल आडवं पडलेलं असतं आणि त्याची आई शेजारी कान हलवत उभी असते. मोकळा घोडा दिवसरात्रीतले पंधरा-सोळा तास चरण्यात घालवतो. त्याचं पोटच तसं घडलंय. जठर अंगाच्या मानाने लहान, जेमतेम आठ-पंधरा लिटरचं. खाल्लेलं उलटून टाकण्याची सोय नाही. त्यामुळे थोडं थोडं, सतत, आणि आपल्या कळपात राहून, हाच त्याच्या जगण्याचा रिवाज. घोडा सांभाळणं म्हणजे काय, हे ठरवायला मी हीच मोजपट्टी धरते.

मराठीत याच्या उलट्या गोष्टीला नेमका शब्द आहे : आबाळ. छळ वेगळा, आबाळ वेगळी. छळाला हात उगारावा लागतो. आबाळ व्हायला काहीच करावं लागत नाही. आज पाणी भरायचं राहिलं, या महिन्यात नालबंदाला बोलवायचं राहिलं, या हिवाळ्यात वैरण कमी पडली. एकेक दिवस साचत जातो आणि एका सकाळी कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला घोड्याच्या बरगड्या मोजता येतात.

नेदरलँड्ससारख्या सुखवस्तू देशात हे का व्हावं, असा प्रश्न मला इथे आल्यावर पडला होता. कारणं आपल्याला अनोळखी नाहीत. मालक म्हातारा होतो, आजारी पडतो, कर्जात बुडतो, घर मोडतं. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला आणलेलं तट्टू ती शिकायला परगावी गेली, तिचं लग्न झालं, तरी मागच्या वाड्यात उभंच असतं. पहिल्यांदा खरारा थांबतो, मग दात तपासणं थांबतं, मग कुणी त्याच्याकडे जाईनासं होतं. फार थोड्या जणांच्या मनात वाईट असतं. पण भुकेल्या घोड्याला त्याने काही फरक पडत नाही.

मदत मागायला इथे एक नंबर आहे, १४४. २०११ पासून तो देशभर चालतो. डीरेनबेस्खर्मिंग ही इथली प्राणीरक्षक संस्था १८६४ सालची; तिच्या तपासनिसांना कायद्याने अधिकार दिलेले आहेत. ते येऊन पाहतात, मालकाला सुधारायला मुदत देतात. सुधारणा झाली नाही तर जनावर ताब्यात घेतलं जातं आणि ते आश्रयस्थानात जातं. खरं काम तिथे सुरू होतं.

गाडीतून उतरलेला घोडा आधी वेगळा ठेवतात, इतरांना दिसेल पण शिवता येणार नाही असा. सोबत काही रोग आलाय का, हे कळायला दोन-तीन आठवडे लागतात. मग त्याला हाताने वाचतात. डोळ्यांनी नाही, कारण हिवाळ्यात वाढलेली लव हाडं झाकते आणि पोट जंतांनी फुगलेलं असेल तर घोडा लांबून गुबगुबीतही वाटतो. मान, मानेचं मूळ, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर, शेपटीचं मूळ, अशा सहा ठिकाणी बोटं फिरवायची आणि एक ते नऊमधला आकडा लिहायचा. टेक्सासमधल्या डॉन हेनेके यांनी १९८३ साली ही पद्धत मांडली आणि आता ती जगभर वापरतात. पाच म्हणजे बरा घोडा. एक म्हणजे कातडीखाली नुसता सांगाडा.

आणि एक आकड्याच्या त्या घोड्याला पोटभर खायला घालायचं नाही. हे सांगायला सोपं आहे, पाळायला फार कठीण. समोर उपाशी जीव उभा असताना हात आपोआप भरलेल्या पाटीकडे जातो.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी वरातीचा एक घोडा कुणीतरी सोडून गेलं होतं. हाडांचा सापळा झालेला, पाठीवर खोगिराच्या जखमा. आम्ही पोरांनी त्याला भाकरी, भिजवलेले हरभरे, गूळ, बाजरी, जे घरातून मिळेल ते नेऊन घातलं. तो खात होता आणि आम्ही हरखून बघत होतो. चौथ्या दिवशी तो बसला, तो उठलाच नाही. मोठी माणसं म्हणाली, फार उशीर झाला होता. तसंही असेल. पण त्याला आमच्या मायेनेच मारलं असण्याची शक्यता किती मोठी आहे, हे मला कळायला तीस वर्षं लागली.

त्याचं शास्त्र असं. दीर्घ उपासात शरीर स्वतःची चरबी आणि मांस जाळून चालतं. अशा वेळी एकदम धान्य आणि गूळ पोटात गेला की रक्तातली साखर वाढते, इन्सुलिन सुटतं आणि साखरेबरोबर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. आधीच तुटपुंजे असलेले हे क्षार रक्तात उरत नाहीत. हृदय आणि श्वासाचे स्नायू थकतात. हे पहिल्याच तासात होत नाही. तीन ते पाच दिवसांनी, आता जगला असं वाटत असतानाच होतं.

वाखनिंगनमध्ये राहून हे वाचलं की अंगावर काटा येतो. बाजारपेठेच्या बाजूला हॉटेल दे वेरेल्ड आहे. ५ मे १९४५ रोजी तिथे जर्मन सेनापती ब्लास्कोविट्स आणि कॅनडाचे जनरल फोल्क्स यांच्यात शरणागतीची बोलणी झाली. त्याआधीच्या हिवाळ्यात या देशाच्या पश्चिम भागात भुकेने सुमारे २० हजार माणसं मेली होती. युद्ध संपता संपता छावण्यांतून आणि कैदेतून सुटलेली माणसं अन्न समोर आल्यावर पोटभर जेवली आणि त्यातली काही त्या जेवणानेच दगावली. भुकेल्याला कसं जेवू घालायचं, हे डॉक्टर त्या काळात नव्याने शिकले. घोड्यांसाठी तोच धडा पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यकांनी तपासून पाहिला. धान्य सर्वांत घातक ठरलं, आणि थोडा थोडा लसूणघास सर्वांत चांगला. त्यात प्रथिनं भरपूर, साखर कमी आणि हवे ते क्षार असतात.

म्हणून नव्या घोड्याच्या पहिल्या तीन दिवसांचा नेम ठरलेला असतो : दर चार तासांनी अर्धा किलोच्या आसपास वाळलेला लसूणघास. दिवसरात्र मिळून सहा वेळा. रात्री दोनलाही कुणीतरी उठून, कंदील घेऊन जातंच. अर्धा किलो म्हणजे जेमतेम एक छोटा पुंजका. घोडा ते मिनिटांत संपवतो, रिकामी जागा जिभेने चाटतो आणि माणसाच्या खिशाकडे तोंड नेतो. त्या वेळी पाठ फिरवून निघून येणं, हे या कामातलं सगळ्यात मोठं कसब आहे असं मला वाटतं. चौथ्या दिवसापासून घास मोठा होतो आणि वेळा कमी होतात. दहाव्या दिवसाच्या सुमाराला तो हवं तेवढं गवत खायला मोकळा होतो. चंदी त्यानंतरही बराच काळ नाही. जंतांचं औषधसुद्धा थोडी ताकद आल्यावर. गेलेलं अंग भरून यायला पुढे कित्येक महिने जातात.

दातांचं वेगळं. घोड्याचे दात जन्मभर वर सरकत राहतात आणि चावून झिजतात. झीज वाकडी झाली की कडा सुरीसारख्या होऊन गालफडं सोलतात. पुढ्यात वैरण असूनही घोडा वाळतो तो यामुळे. पशुवैद्य लांब कानशीने त्या घासून सारख्या करतात.

खुराजवळ मात्र थांबायला हवं, कारण तिथे आबाळ वाचता येते. खूर वरून खाली महिन्याला सेंटिमीटरहून थोडा कमी वाढतो. पुढचा भाग पूर्ण नवा व्हायला जवळपास वर्ष लागतं. उपासमार, ताप, मोठा आजार, यांची आडवी वळी खुरावर उमटते. नालबंद खूर मांडीवर घेऊन अंगठ्याने ती वळी चाचपतो आणि सांगू शकतो : साधारण सात महिन्यांपूर्वी याला काहीतरी झालं होतं. वाढून पुढे वळलेला खूरही एका बैठकीत कापून टाकत नाहीत. पायामागच्या कंडरा त्या वाकड्या उभं राहण्याला सरावलेल्या असतात. एकदम सरळ केलं तर घोडा लंगडतो. चार-पाच आठवड्यांनी थोडं, पुन्हा थोडं. वर्षाची आबाळ फेडायला वर्षच लागतं, हे इथे खुराच्या मापाने दिसतं.

या देशात आबाळीचं आणखी एक रूप आहे. ते आपल्याकडे सहसा दिसत नाही : लठ्ठ तट्टू. इथली हिरवीगार कुरणं दुभत्या गाईंसाठी निवडलेल्या गोडसर गवताची. त्यात छोटं तट्टू दिवसभर सोडलं की त्याच्या खुरांच्या आतला थर सुजतो. ते पुढचे पाय ताणून, सगळा भार मागे टाकून उभं राहतं आणि पाऊल उचलायला नकार देतं. भुकेला घोडा पाहून शेजारी १४४ लावतात. जाड्या तट्टूसाठी फोन करायला जाणती नजर लागते.

आणि मोकळ्या घोड्यांचं काय? २०१७-१८च्या हिवाळ्यात ओस्टफार्डर्सप्लासन या अभयारण्यात घोडे, हरणं आणि गुरं मिळून तीन हजारांहून जास्त जनावरं गेली. बरीचशी उपासमारीत तडफडू नयेत म्हणून गोळी घालून मारली. लोक कुंपणावरून गवताच्या पेंढ्या फेकत होते. निसर्गाला त्याच्या वाटेने जाऊ द्यावं असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला समजतो. पण ज्या जागेला आपण कुंपण घातलं, तिथल्या जनावराला दुसरीकडे जायची वाट आपणच बंद केली. कुंपण घातलं की जबाबदारी आली, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईकरांना हे सगळं वाचताना परळ आठवेल. तिथल्या ज्या दवाखान्याला लोक पिढ्यान्‌पिढ्या बैलघोडा हॉस्पिटल म्हणत आले, ते १८८३ साली गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभं राहिलं आणि त्याला त्यांच्या पत्नीचं, बाई साकरबाईंचं नाव दिलं गेलं. १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच सुरू झालं. ट्राम आणि गाड्या ओढून मोडलेल्या जनावरांसाठी एका शहराने इतक्या लवकर दार उघडलं, याचा मला अभिमान वाटतो. पुढे ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या फेऱ्यांसाठीच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात त्या बंद करायला सांगितल्या. निकाल योग्यच होता. फक्त त्या घोड्यांइतकीच त्यांच्या मोतद्दारांची पोटंही हातावर होती, हे विसरता येत नाही. ज्याचं स्वतःचं भागत नाही त्याच्या दावणीला घोड्याची आबाळ ठरलेलीच असते. सांगलीत २००३ पासून काम करणाऱ्या अ‍ॅनिमल राहतसारख्या संस्था म्हणूनच गाडीवानाच्या दारात जातात, जनावर तिथेच तपासतात आणि थकलेल्यांना आपल्याकडे ठेवून घेतात.

नियम आपल्याकडेही जुने आहेत. ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठीचे १९६५ चे नियम सांगतात की दिवसाला नऊ तासांवर काम नको, पारा ३७ अंशांवर असताना दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही, काटेरी लगाम वापरायचा नाही. वरातीच्या घोड्यांच्या तोंडातून काटेरी लगाम अजूनही निघतात. आणि १९६० च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये.

वाखनिंगनपासून फार लांब नाही अशा सूस्तमध्ये १९६२ पासून दे पार्डनकाम्प नावाचा म्हाताऱ्या घोड्यांचा आश्रम आहे. तिथे उपचारांपेक्षा म्हातारपणाची सोय महत्त्वाची : सोबती, कुरण, नालबंद, पशुवैद्य. बरं झालेल्या घोड्यालाही शेवटी हेच लागतं. त्यातला सोबती सर्वांत जास्त लागतो, आणि ते कळतं झोपेवरून.

घोडा उभ्याने डुलकी घेतो; गुडघ्याची वाटी अडकवून ठेवायची युक्ती त्याच्या मागच्या पायात आहे. पण गाढ, स्वप्नांची झोप त्याला आडवं झाल्याशिवाय येत नाही. रोज अर्ध्या तासाच्या आसपास ती त्याला हवी असते. आडवा घोडा म्हणजे पळता न येणारा घोडा, म्हणून सावध घोडा आडवा होतच नाही. एकटा ठेवलेला, घाबरलेला किंवा सांधे दुखणारा घोडा रात्रीमागून रात्री उभ्याने काढतो. उभ्या उभ्या त्याचा तोल जातो, तो पुढच्या पायांवर कोसळतो आणि दचकून उठतो. आश्रयाला आलेल्या कित्येक घोड्यांच्या पुढच्या गुडघ्यांवर अशा पडण्याच्या जुन्या खपल्या असतात.

म्हणून पाळीवर येणारी माणसं सकाळी पाटी उचलण्याआधी घोड्याची कूस पाहतात. आयाळीत गवताच्या काड्या आहेत का, पोटाच्या एका बाजूला माती लागलीय का. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या सकाळी ती दिसते. रात्री कधीतरी तो झोपला, आणि तेवढा वेळ त्याच्या शेजारी दुसरा एक घोडा कान टवकारून उभा होता. त्या सकाळी खरारा करणारा आधी ती माती बघून घेतो. मग ब्रश उचलतो.