टपालपेटीचा फोटो, गावाची नोंद

रोज जिच्याजवळून आपण जातो, ती वस्तू हळूहळू दिसेनाशी होते. चौकातली, कचेरीच्या भिंतीवरची किंवा एखाद्या जुन्या कडुनिंबाच्या सावलीतली तांबडी टपालपेटी ही अशीच एक वस्तू. तिच्यात पत्र टाकण्याचा प्रसंग आता वर्षानुवर्षे येत नाही. त्यामुळे आपल्या गल्लीच्या तोंडाशी असलेली पेटी अद्याप जागेवर आहे की काढून नेली, हे अनेकांना सांगता येणार नाही. हौशी छायाचित्रकारांनी आपला कॅमेरा या पेट्यांकडे वळवावा, तो एवढ्याचसाठी. फार खर्च नाही, लांबचा प्रवास नाही आणि हाती येते ती केवळ सुंदर चित्रांची मालिका नव्हे, तर गावाच्या इतिहासाची एक नोंद.

परतवाड्यासारखे गाव या छंदाला विशेष अनुकूल आहे. अचलपूर ही वऱ्हाडची जुनी राजधानी, तर शेजारचे परतवाडा वाढले ते छावणीच्या आधाराने. निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या ज्या फौजेची ही छावणी, तिच्याच खर्चाच्या थकबाकीपोटी १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, देशभरातील टपालव्यवस्था एका खात्याखाली आली. आज दोन्ही गावांची नगरपालिका एकच आहे; पण पिनकोड मात्र वेगळे. परतवाड्याचा ४४४८०५, अचलपूरचा ४४४८०६. पहिले दोन आकडे विदर्भाचे, तिसऱ्यासह होणारा ४४४ हा अमरावती-अकोला पट्ट्याचा आणि शेवटचे तीन त्या त्या टपाल कार्यालयाचे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली. संस्कृतचे पंडित म्हणूनही ते ख्यातनाम होते.

परतवाड्याहून एक रस्ता घाट चढून चिखलदऱ्याला जातो, दुसरा सेमाडोह, हरिसालवरून धारणीला. यांतले हरिसाल २०१६ च्या सुमारास ‘डिजिटल गाव’ म्हणून देशभर गाजले. म्हणजे बाजारपेठ, जुनी वस्ती, थंड हवेचे ठिकाण आणि कोरकूंची खेडी हे सारे एका दिवसाच्या टप्प्यात येते. खेड्यांतील शाखा टपाल कार्यालय पुष्कळदा ग्रामीण डाकसेवकाच्या घरातच असते. तिथली पेटी घराच्या खांबाला किंवा ओसरीच्या भिंतीला टांगलेली असू शकते. चौकातली बिडाची पेटी आणि ओसरीवरची पत्र्याची पेटी यांची छायाचित्रे शेजारी ठेवली, तर सरकार गावात कोणत्या रूपाने पोहोचले होते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पेटी वाचायची कशी?

फोटो काढण्याआधी पेटी नीट पाहावी. ती दंडगोल आहे की चौकोनी? जमिनीत रोवलेली आहे की टांगलेली? पत्र टाकण्याच्या फटीवर पाऊस आत जाऊ नये म्हणून केलेली झडप शाबूत आहे का? टपाल काढण्याच्या वेळा सांगणारी पट्टी आहे का, आणि तिच्यावरची अक्षरे वाचता येतात का? रंगाचा पोपडा उडालेल्या जागी आतले जुने थर दिसतात. फटीच्या कडेचा रंग झिजून लोखंड उघडे पडले असेल, तर तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे हात लागले आहेत. उलट फटीत कोळ्याचे जाळे असेल, तर तीही एक माहितीच. बहुतेक पेट्या तांबड्या असल्या, तरी महानगरांत स्थानिक टपालासाठी हिरवी, महानगरांसाठी निळी व राजधान्यांसाठी पिवळी, अशी रंगांची वाटणी करण्यात आली होती.

प्रकाश आणि चौकट

वऱ्हाडातले दुपारचे ऊन या विषयाचे शत्रू आहे. चकचकीत तैलरंगावर ते परावर्तित होते आणि तांबड्या रंगातले बारकावे पुसले जातात. डिजिटल कॅमेऱ्यात व मोबाइलमध्ये गडद लाल रंग लवकर ‘फुटतो’. म्हणून एक्स्पोजर किंचित कमी ठेवावे. सकाळची कोवळी उन्हे किंवा पावसाळ्यातले ढगाळ आभाळ सर्वांत चांगले. कॅमेरा पत्राच्या फटीच्या उंचीवर धरावा. उभ्याने खाली रोखून घेतल्यास पेटी बुटकी आणि तिरपी दिसते. फार जवळून घेतल्यास कडा वाकतात. दोन-चार पावले मागे जाऊन थोडे झूम करणे बरे.

एका पेटीचे निदान चार फोटो हवेत. पहिला दुरून, आजूबाजूची दुकाने, झाड, रस्ता यांच्यासह. दुसरा समोरून संपूर्ण पेटीचा. तिसरा वेळांच्या पट्टीचा. चौथा कुलूप, गंज, पोचा अशा एखाद्या खुणेचा. नवशिके बहुधा दुसरा फोटो घेऊन थांबतात. वास्तविक पहिला फोटो सर्वांत मोलाचा. पेटी सरकारी नमुन्याची असते; तिला स्वभाव मिळतो तो तिच्या जागेमुळे.

प्रत्येक फोटोसोबत तारीख, रस्त्याचे नाव, जवळची खूण, पिनकोड आणि पेटी वापरात आहे की नाही, हे वहीत लिहावे. मोबाइल ठिकाण नोंदवतो. पण दहा वर्षांनी फाइल सापडेल याची खात्री नाही, वही सापडते. टपाल कार्यालयाच्या आवारात पोस्टमास्तरांना विचारूनच कॅमेरा काढावा. पत्र टाकणाऱ्याची परवानगी घ्यावी आणि पाकिटावरचा पत्ता चित्रात येऊ देऊ नये. फोटो चांगला यावा म्हणून पेटी पुसणे, रंगवणे, तिच्यावर फुले ठेवणे टाळावे. ती आहे तशीच नोंदली गेली पाहिजे.

घाई कशासाठी?

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्टाची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. विलीनीकरण रजिस्टर सेवेचे होते, पेट्यांचे नव्हते. तरीही लाल पेट्याच बंद होणार, अशी आवई उठली. मात्र ज्या पेटीत पत्रेच पडत नाहीत, ती हलवली वा काढली जाते, हेही खरे. त्यासाठी कोणी जाहीर निरोप समारंभ करीत नाही.

ब्रिटनमध्ये याबाबत लोक लवकर जागे झाले. कादंबरीकार अँथनी ट्रोलोप टपाल खात्यात नोकरीस होते. त्यांच्या सूचनेवरून १८५२ मध्ये जर्सी बेटावर तिथल्या पहिल्या पेट्या उभ्या राहिल्या. १८७४ पर्यंत बहुतेक पेट्या हिरव्या होत्या, त्या पुढे लाल झाल्या. या पेट्यांची नोंद ठेवणारे हौशी अभ्यासकांचे मंडळ तिथे १९७६ पासून आहे. पेट्या शक्यतो जागच्या जागी जपाव्यात, असे धोरणही २००२ मध्ये ठरले.

डेन्मार्कची कथा उलटी आहे. तिथल्या टपाल कंपनीने जून २०२५ पासून आपल्या दीड हजार लाल पेट्या काढायला घेतल्या आणि डिसेंबरअखेर पत्रवितरणच थांबवले. काढलेल्या पेट्यांतील सुमारे हजार विक्रीला ठेवताच काही तासांत संपल्या. पेटीवरचे प्रेम लोकांत होतेच. ते व्यक्त झाले ती गेल्यावर. आणि दिवाणखान्यात आलेली पेटी लोखंडाची शोभेची वस्तू झाली. ती कोणत्या कोपऱ्यावर उभी होती, समोर कोणते दुकान होते, हे तिच्याबरोबर घरी येत नाही.

ते फोटोत राहते, तेही दुरून घेतलेल्या त्या पहिल्या फोटोत. परतवाडा-अचलपुरातल्या एखाद्या शाळेच्या मुलांनी किंवा छायाचित्रकारांच्या मंडळाने दोन रविवार दिले, तरी दोन्ही गावांतील पेट्यांची सचित्र यादी तयार होऊ शकेल. तिची एक प्रत गावाच्या वाचनालयात ठेवावी. पुढे एखादी पेटी नाहीशी झाली, तर ती कुठे होती याचे उत्तर निदान एका ठिकाणी तरी मिळेल.