तीन नळ्या आणि एक मूठ

देवळी, आर्वी, समुद्रपूरकडच्या एखाद्या जुन्या गोठ्यात शिरलं, की आढ्याला टांगलेली पेरणीची तिफण अजूनही दिसते. बाभळीचं आडवं खोड, त्यात बसवलेले तीन फण, एक दांडी, एक रुमणं. नळ्या बहुधा कधीच्याच गेलेल्या, चाडं तडकलेलं. घरच्या पोरांना ते सरपण वाटतं. पण तिला पुन्हा चालती करायला घ्या, म्हणजे कळतं की तिच्यातलं एकही भोक उगाच पाडलेलं नाही.

पेरणीचं काम दिसतं तेवढं सोपं नसतं. बी सारख्या अंतरावर पडलं पाहिजे, सारख्या खोलीवर पडलं पाहिजे आणि पडल्याबरोबर झाकलं गेलं पाहिजे. वर्ध्याच्या काळ्या जमिनीत तर याला घाईही असते. वाफसा आला की हाती थोडेच दिवस. वरचा थर सुकत जातो, ओल खाली राहते. हाताने फेकलेलं बी वरच राहतं, पाखरं आणि मुंग्या ते वेचतात. तिफण ही तिन्ही कामं एका चालीत उरकते, आणि तिच्यात ना चाक आहे, ना दाता, ना स्प्रिंग.

दुरुस्ती लाकडापासून सुरू होते. वर्षानुवर्षं सुकून लाकूड आकसतं, फण आपल्या भोकात हलायला लागतो. वाढई तिथे पाचर मारतो. पण त्याआधी तिफण सपाट जमिनीवर उभी करून तिन्ही टोकं एका पातळीत टेकतात का, हे बघावं लागतं. एक टोक अर्धा इंच वर राहिलं, तर त्या तासातलं बी कोरड्या मातीत पडेल आणि अख्ख्या वावरात प्रत्येक तिसरी ओळ विरळ उगवेल. फणांमधलं अंतरही तितकंच जपायचं. पुढे पीक वीतभर झालं की दोन ओळींमधून डवरा फिरणार असतो, आणि त्याची पास याच अंतराच्या हिशेबाने बेतलेली असते. पेरणीच्या दिवशी पडलेलं माप शेवटच्या डवरणीपर्यंत चालतं.

खोली ठरवण्याची युक्ती मला सगळ्यात सुंदर वाटते. त्यासाठी वेगळा भाग नाहीच. जू दांडीवर पुढे बांधलं की दांडी आडवी होते, फणांची टोकं खाली झुकतात आणि बी खोल जातं; जू मागे घेतलं की टोकं वर उचलतात. दोराची एक गाठ सरकवून बियाची खोली बदलते.

नळ्या बांबूच्या. प्रत्येक कांड्याच्या आत पडदा असतो. तो तापलेल्या सळईने जाळून आतली वाट गुळगुळीत करावी लागते, नाहीतर दाणा तिथे अडतो. नळीला उतारही पुरेसा तीव्र हवा. तिचं खालचं तोंड फणाच्या पाठीमागे उघडतं. फण पुढे माती फाडतो, दाणा त्याच्या आडोशाला ओल्या तासात उतरतो आणि दुभंगलेली माती लगेच त्याच्यावर ढासळते. ओल जरा जास्त असली की हीच चिकण काळी माती नळीचं तोंड बुजवते, म्हणून चालता चालता फणामागे नजर ठेवावी लागते.

तिन्ही नळ्या वर एकत्र येतात त्या चाड्यात, तीन भोकांच्या लाकडी वाटीत. आणि चाड्यावर असते मूठ. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून दाणे सुटत राहतात, मूठ वाटीवर गोल फिरत राहते. बैल रेंगाळले की मूठ आवळते, बैलांनी पाय उचलला की सैल होते. सरकीला तंतू चिकटलेले असल्याने तिचे गोळे होत. म्हणून पेरणीआधी ती शेण-मातीत चोळून तिचा दाणा दाणा मोकळा करत.

तुरीची सोय तर आणखी वेगळी. तिफणीच्या मागे दोरीने एक सुटी नळी ओढत न्यायची, तिला सरतं म्हणतात. एका फणाची नळी बोळा घालून बंद करायची आणि त्याच तासात सरत्यातून तूर सोडायची. ज्वारी आणि तूर, दोन पिकं एकाच फेरीत आपापल्या ओळीला लागतात.

बी नळीतून तासात सोडण्याची कल्पना फार जुनी आहे. प्राचीन बॅबिलोनच्या मुद्रांवर नळी जोडलेला नांगर कोरलेला दिसतो. चीनमध्ये हान राजवटीच्या काळात तीन पायांचं पेरणी-अवजार होतं. इंग्लंडमध्ये जेथ्रो टलने 1701 च्या सुमारास आपलं यंत्र बांधलं, आणि बी मोजून सोडण्याची रचना त्याला चर्चमधल्या ऑर्गन वाद्याच्या अंतर्भागावरून सुचली. तिथे जे काम खाचांचा रूळ आणि स्प्रिंग यांना करावं लागलं, ते इथे पाच बोटं करत होती.

1790 च्या दशकात कॅप्टन थॉमस हॅलकॉट या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण भारतातल्या एका शेतात असं अवजार चालताना पाहिलं आणि तो चकित झाला. नळीने पेरणं हा युरोपचा नवा शोध, अशी त्याची तोवरची समजूत होती. चौकशी केली तर इथे ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं निघालं. त्याने इंग्लंडच्या कृषी मंडळाला तसं कळवलं. त्याचा हा मजकूर इतिहास-अभ्यासक धरमपाल यांनी जुन्या कागदांतून शोधून अठराव्या शतकातल्या भारतीय विज्ञानावरच्या आपल्या 1971 च्या पुस्तकात छापला. धरमपाल आयुष्याच्या अखेरच्या काळात वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या आश्रमात राहिले आणि 2006 मध्ये तिथेच वारले. तिफणीची थोरवी जगापुढे मांडणारा माणूस तिफणीच्याच मुलखात राहत होता, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

आता सोयाबीन ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने पेरतात. 2002 नंतर बीटी कपाशी आली. ते महागाचं बी मोजून टोकलं जातं. पण ट्रॅक्टरच्या यंत्राखाली वाकून बघा: पेटी, नळी, फण. क्रम तोच आहे, फक्त मुठीच्या जागी खोबणीचा रोलर फिरतो.

तुरीची सोय तर आणखी वेगळी.  एका फणाची नळी बोळा घालून बंद करायची आणि त्याच तासात सरत्यातून तूर सोडायची. ज्वारी आणि तूर, दोन पिकं एकाच फेरीत आपापल्या ओळीला लागतात.

म्हणून तिफण दुरुस्त झाली, की गावात चाडं धरलेली एखादी आजी शोधावी. पाचर वाढई मारेल, फणाचा फाळ लोहार शेवटेल, मूठ मात्र तिच्याकडूनच शिकावी लागेल. मृगाच्या आधी अंगणात तिफण उभी करून तिन्ही नळ्यांखाली एकेक वाटी ठेवायची, चाड्यावर पसाभर ज्वारी सोडायची आणि वाट्यांतले दाणे मोजायचे. एका वाटीत कमी भरले तर आधी ती नळी उजेडाकडे धरून आत कांड्याचा पडदा राहिलाय का बघायचं. नळी साफ असेल, तर मूठ त्या बाजूला कमी फिरतेय.