रेडिओ बीकन आणि शिकाऊ वैमानिक

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईस जुहू येथे उतरले. त्यांच्या छोट्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. होकायंत्र, घड्याळ, नकाशा आणि खाली दिसणारा प्रदेश यांवरच सारी भिस्त होती. ढग दाटले किंवा अंधार पडला की ही पद्धत अपुरी पडते. ही उणीव पुढे जमिनीवरील रेडिओ बीकनांनी भरून काढली.

बीकनचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे एनडीबी. हे केंद्र सर्व दिशांना सारख्याच लहरी पाठविते आणि विमानातील एडीएफ या उपकरणाची सुई केंद्राकडे वळते. परंतु सुई दाखविते तो केवळ विमानाच्या नाकाशी होणारा कोन. विमानाचा रोख ९० अंश असून सुई उजवीकडे ३० अंश असेल, तर केंद्र १२० अंशांच्या दिशेस आहे, ही बेरीज प्रशिक्षणार्थीने मनातच करावयाची असते.

खरी कसोटी वाऱ्यापाशी लागते. विमान पूर्वेकडे चालले असून वारा उत्तरेचा आहे, असे समजा. नवखा वैमानिक सुई सतत नाकासमोर ठेवतो. वारा त्याला दक्षिणेकडे ढकलतो, सुई डावीकडे सरकते, तो पुन्हा डावीकडे वळतो. विमान केंद्रावर पोहोचते खरे, पण वळणावळणाने आणि नेमलेला मार्ग सोडून. त्या बाजूस डोंगर असेल तर हे वळण जिवावर बेतू शकते. म्हणून शिक्षक त्याला उलट सवय लावतात : वाऱ्याकडे, समजा १० अंश, रोख धरावयाचा आणि सुई उजवीकडे १० अंशांवरच स्थिर राहू द्यावयाची. सुई नाकासमोर नसताना आपण बरोबर वाटेवर आहोत, हे मनाला पटावयास बराच सराव लागतो.

एडीएफचे आणखी एक वैगुण्य आहे. वादळी ढग जवळ असतील तर सुई विजेच्या दिशेने भरकटते. आणि केंद्र बंद पडल्यास तशी सूचना देणारी खूण बहुधा या उपकरणात नसते. त्यामुळे केंद्राची मोर्स लिपीतील ओळख कानांनी सतत ऐकत राहणे आवश्यक ठरते.

व्हीओआर हा अधिक अचूक प्रकार. हे केंद्र दोन संकेत पाठविते आणि त्यांच्यातील फरकावरून विमान केंद्राच्या कोणत्या अंशरेषेवर आहे ते समजते. अशा ३६० रेषा कल्पिलेल्या आहेत. साध्या दर्शकावरील एक ठिपका म्हणजे २ अंश. केंद्रापासून ६० सागरी मैलांवर १ अंशाची चूक म्हणजे सुमारे १ सागरी मैल, हा हिशेब विद्यार्थ्याला तोंडपाठ असावा लागतो. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने खालून उडणाऱ्या विमानाला दूरचे केंद्र सापडत नाही.

आता उपग्रहांमुळे विमानाचे स्थान पडद्यावर आपोआप उमटते. भारताची ‘गगन’ प्रणाली उपग्रहांची ही माहिती अधिक अचूक करते. अनेक देशांत एनडीबी केंद्रे बंद होत आहेत. तथापि उपग्रहांचे संकेत अत्यंत क्षीण असतात आणि ते जाणूनबुजून दडपता येतात. म्हणूनच प्रशिक्षणार्थीला बाहेरचे काही दिसू नये अशी झापड लावून, दोन व्हीओआर केंद्रांच्या रेषा जेथे छेदतात तो बिंदू नकाशावर दाखविण्यास सांगितले जाते. विमान तेवढ्यात पुढे सरकलेले असते, म्हणून हे उत्तर झटपट द्यावे लागते.