भट्टीची भिंत आणि चुंबकाची चाकं

बॉयलर चालू असताना आत पाहायला एक लहानशी काचेची खिडकी असते आणि तिच्यातून दिसतो नुसता पांढरा-पिवळा उजेड. ओव्हरहॉलसाठी संच बंद झाला, भट्टी निवली, की मॅनहोलमधून सरपटत आत शिरता येतं. नागपूर जिल्ह्यातल्या एका औष्णिक केंद्रात मी तसा शिरलो. कोराडी-खापरखेड्याची धुराडी नागपूरकराला सवयीची. पण ज्या भट्टीतून तो धूर येतो, तिच्या आतल्या भिंती कितीजणांनी पाहिल्या असतील?

२१० मेगावॉटच्या जुन्या संचाची भट्टी सुमारे १४ मीटर रुंद, साडेदहा मीटर खोल आणि मान दुखेपर्यंत उंच. भिंत विटांची नाही. ६३.५ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी नळ्या शेजारी शेजारी उभ्या, मधल्या फटी पट्टीने वेल्ड केलेल्या. चारही बाजू मिळून अशा नळ्या सहाशेच्या वर. नळीत पाणी, बाहेर आग, आणि आतला दाब वातावरणाच्या जवळपास दीडशे पट. त्यातली एक जरी फुटली तरी संच बंद करावा लागतो. पाळीवरची माणसं त्याला ‘बीटीएल’ म्हणतात, म्हणजे बॉयलर ट्यूब लीकेज. ही तीन अक्षरं इथे कुणीच मोठ्याने उच्चारत नाही.

नळी झिजवते ती मुख्यतः आपल्याच कोळशातली राख. शंभर किलो कोळशात तीस-चाळीस किलो राख, तिच्यात गारेचे बारीक कण. ते वायूबरोबर धावतात आणि पोलाद घासत जातात. भिंतीवर जमलेली राख उडवायला वाफेचे ब्लोअर लावलेले असतात. त्यांची वाफ ओली किंवा तिरकी आली, तर आजूबाजूच्या नळ्या तीच खरवडते. इलाजानेच रोग वाढवावा, तसं हे.

म्हणून दर ओव्हरहॉलला नळ्यांची जाडी मोजतात. वरून तारेच्या दोरांवर पाळणा सोडायचा किंवा परांची बांधायची, नळी घासून चकचकीत करायची, जेल लावायचं, प्रोब टेकवायचा. ध्वनिलहर सहा मिलिमीटर पोलादातून जाऊन परत येते ती सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी अवघ्या दोन भागांत. एकजण आकडा ओरडतो, दुसरा लिहितो, संशय आला तर नळीवर खडूची खूण. हे सगळं ठरलेल्या उंचींवरच. दोन उंचींच्या मधला पट्टा न मोजताच राहतो.

त्या दिवशी एका भिंतीवर क्रॉलर लावला होता. दोन हातांत मावणारं यंत्र, चाकांत कायमचे चुंबक, मागे वीज, पाणी आणि आकडे वाहणारी लांब केबल. चाकं नळ्यांच्या मधल्या खाचांत बसतात. वीज गेली तरी चुंबक सोडत नाही, हा त्याचा मोठा गुण. तरी कमरेला दोर बांधलेलाच. काच किंवा काँक्रीट चढणारी यंत्रं हवा ओढून चिकटतात, त्यांना ही चैन नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एका विद्यार्थ्याने वीज केंद्रातल्या याच दुखण्यावर यंत्र बनवलं आणि त्यातून २०१३ साली ‘गेको रोबोटिक्स’ ही कंपनी उभी राहिली.

चढताना बघायला मात्र काही मजा नाही. संथ, एकसुरी. राखेचा खडा खपलीसारखा चिकटलेला होता तिथे ते अडलं, चाक घसरलं. चुंबक आणि पोलाद यांच्यात थोडं अंतर पडलं तरी पकड झपाट्याने कमी होते. खालून हेल्पर म्हणाला, “भाऊ, राख झाडल्याबिगर हे काही चढत नाही.” भिंत आधी जोराच्या पाण्याने धुतली होती, तरीही तो कोपरा राहिलाच. चाक घसरलं की उंचीचा आकडाही चुकतो. मग ओळखीच्या वेल्ड जोडावर नेऊन तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

यंत्र माणसाचं चढणं वाचवतं, असं बाहेर सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटलं. झिजलेला तुकडा कापून नवा वेल्ड करायला माणसाला वर जावंच लागतं. फरक वेगळ्या जागी पडतो: परांची बांधण्याआधीच खालून वरपर्यंत सलग जाडी पडद्यावर दिसते, आणि तो मधला अंधारा पट्टा भरून निघतो. परांची मग सगळीकडे नको, हवी तिथेच.

वर, वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरच्या वेटोळ्यांत मात्र क्रॉलरचं काही चालत नाही. तिथल्या काही नळ्या स्टेनलेस स्टीलच्या, चुंबकाला दाद न देणाऱ्या. आणि फटी इतक्या अरुंद की आरसा, बॅटरी आणि सडपातळ माणूसच आत जातो. पडद्यावर ब्लोअरजवळचा लाल पट्टा पाहून सुपरवायझरने फोरमनला तेवढ्याच नळ्यांपुरती परांची सांगितली, आणि वरच्या कामासाठी दोन पोरांना चोवीस व्होल्टचे दिवे घ्यायला पाठवलं.