मध्यरात्रीचा सामना आणि भडंगाचा जमाखर्च

येत्या गुरुवारी मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला की मेक्सिको नगरीच्या अझ्टेका मैदानावर यजमान मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिका यांचा सामना सुरू होईल, आणि तेथून 19 जुलैपर्यंत, 48 संघ आणि 104 सामने असा विश्वचषकाचा अवाढव्य पसारा उलगडत असता, कोल्हापुरातील फुटबॉलवेड्या पेठांतून झोप ही गोष्ट केवळ ऐच्छिक होऊन बसेल. संघांच्या बलाबलाची चर्चा आणि मेस्सीच्या वयाची चिकित्सा यांनी वृत्तपत्रांचे रकाने आधीच व्यापले आहेत. त्यांत भर घालण्याचा प्रस्तुत लेखकाचा मानस नाही. आमच्यापुढील प्रश्न अधिक सांसारिक आहे. दहाबारा इष्टमित्र रात्री घरी सामना पाहावयास येणार असतील, तर त्यांच्या सरबराईची तरतूद महिन्याच्या खर्चात कशी बसवावी?

बहुतेक यजमान किराण्याच्या यादीपासून विचार करू लागतात. आमच्या मते आरंभ घड्याळापासून करावा. 2022 साली कतारमधील पुष्कळ सामने आपल्याकडे संध्याकाळी 6:30 ला आणि रात्री 9:30 ला होत असत. म्हणजे पाहुणा दारात उभा राहावा आणि घरात पानांची मांडामांड सुरू असावी असा तो मुहूर्त होता, आणि समोर बसलेल्या माणसाला उपाशी ठेवून गोल पाहत बसणे आपल्या रीतीत बसत नाही. या वेळी पुष्कळसे सामने रात्री 12:30, पहाटे 3:30 आणि सकाळी 6:30 अशा अवेळी आहेत. साडेबाराला येणारा पाहुणा जेवूनच येतो. जेवणाची जबाबदारी गळून पडली की खर्चाचे सर्वांत मोठे कलम वहीत चढतच नाही, आणि उरते ते केवळ तोंड चालू ठेवण्यापुरते.

या विषयातील आमचे अधिकारी पुरुष म्हणजे शिवाजी पेठेतील एक निवृत्त हिशेबनीस. सरकारी कोषागारात आयुष्यभर दुसऱ्यांच्या देयकांची रुजवात घालण्यात गेल्यामुळे असेल, पण घरी पाहिलेल्या प्रत्येक मोठ्या सामन्याचा जमाखर्च त्यांनी एका लाल कापडी बांधणीच्या वहीत टिपून ठेवला आहे. पहिली नोंद 1986 ची आहे. याच अझ्टेका मैदानावर मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध एक गोल हाताने आणि दुसरा अर्ध्या संघाला हुलकावण्या देत केला, तो सामना आपल्याकडे रात्री 11:30 ला सुरू झाला होता. वाड्यात दूरचित्रवाणी संच एकच, माणसे सोप्यापासून जिन्यापर्यंत, आणि खर्चाच्या बाजूस चिरमुरे, शेंगदाणे व गूळ एवढेच जिन्नस. सर्वांत जड नोंद 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाची आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात खेळत होता, सामने रात्री 8 ला होते, आणि आपल्या गावचा मुलगा मैदानावर असता घरी आलेल्या माणसास तांबडा-पांढरा रस्सा न वाढता परत पाठविण्याची कोणाची छाती होती!

त्या वहीवरून या गृहस्थांनी काढलेला निष्कर्ष ऐकण्याजोगा आहे. खर्च वाढतो तो आयत्या वेळी, आणि तो बहुधा मध्यंतरात. क्रिकेटमध्ये षटकाषटकाला उसंत असते, तीत उठता येते, तळता येते, वाढता येते. फुटबॉलमध्ये 45 मिनिटे नजर हलविण्याची सोय नाही आणि नंतरची 15 मिनिटे हां हां म्हणता संपतात. तेवढ्यात काही हाताशी नसले की कोणीतरी मोबाइल काढून पिझ्झा मागवितो, तो दुसरा अर्ध निम्मा सरल्यावर येतो, आणि बारा माणसांचे देयक पाहून यजमानाची मुद्रा पराभूत संघाच्या प्रशिक्षकासारखी होते. या वर्षी आयोजकांनी प्रत्येक अर्धात साधारण 22 व्या मिनिटाला पाणी पिण्यासाठी 3 मिनिटांचा विराम ठेवला आहे. जाणकारांनी त्याबद्दल नाके मुरडली. आमच्या हिशेबनिसांनी मात्र तो विराम चहासाठी तत्काळ मुक्रर करून टाकला. बारा माणसांना अर्धा अर्धा कप दोनदा द्यावयाचा तर सव्वा लिटर दूध पुरते, आणि चहा आधीच करून थर्मासात भरलेला असावा, ही त्यांची सक्त ताकीद.

आता भडंग. येथे आमचा पक्षपात उघड आहे आणि तो झाकण्याचे कारण दिसत नाही. एका हाताने, न पाहता, सतरंजीवर न सांडता खाता येईल, तासाभराने निवले म्हणून बिघडणार नाही, आणि बारा जणांना अर्धा किलो चिरमुरे व पाव किलो शेंगदाणे यांत भागेल, असा दुसरा पदार्थ आम्हांस ठाऊक नाही. अडचण एकच, ती मृगाची. जून-जुलैच्या दमट हवेत चिरमुरे सादळतात, आणि सादळलेल्या भडंगाइतके उदास काही नाही. म्हणून चिरमुरे आधी मंद आचेवर कोरडेच परतावेत. चिमटीत धरून दाबताच चुरा झाला की उतरावेत. तेलात शेंगदाणे खमंग झाल्यावर सालीसकट ठेचलेला लसूण आणि कढीलिंब घालावा, आणि त्यांतील पाणी पुरते आटून ते कुरकुरीत होईतो घाई करू नये, कारण लसणात राहिलेला ओलावाच पुढे सारा डबा मऊ करतो. आच बंद करून मग तिखट, हळद, मीठ, जिऱ्याची पूड आणि चवीपुरती पिठीसाखर. पुरते निवल्याखेरीज डब्याचे झाकण लावू नये. हे सर्व संध्याकाळीच उरकते, आणि त्यात एक मोठा न्याय आहे: आजवर असल्या बैठका स्वस्तात पार पडल्या त्या घरातील बाईची रात्र कोणत्याही वहीत खर्ची पडली नाही म्हणून. ती ओट्यापाशी उभी आणि गोलाचा गलबला तिला भिंतीपलीकडून ऐकू यावयाचा, ही वहिवाट आता बरखास्त झाली पाहिजे. हिशेबनिसांच्या वहीतही तिचा रकाना नाही, हे आम्ही त्यांच्या नजरेस आणून दिले. ते काही बोलले नाहीत.

पडद्याविषयी थोडक्यात. विश्वचषकासाठी नवा संच घेण्याचा मोह आवरावा. कोणा स्नेह्याकडे प्रोजेक्टर असल्यास पांढरी भिंत पुरे, मध्यरात्रीचा काळोख फुकट आहे. तथापि इंटरनेटवरील प्रक्षेपण चित्राचे लहान तुकडे करून आणि काही साठा हाताशी राखून दाखविले जात असल्याने केबलच्या मागे राहते, कधी कधी अर्ध्या मिनिटाइतके. शेजारच्या घरी केबल असेल तर तुमचा प्रत्येक गोल आधी भिंतीतून ऐकू येईल. ध्वनिक्षेपक लावून त्यावर मात करू पाहणाऱ्यांनी रात्री 10 ते सकाळी 6 ही मनाईची वेळ ध्यानात घ्यावी. बैठकीविषयी म्हणाल तर, पाटाकडील व दिलबहार या कोल्हापुरातील प्रतिस्पर्धी फुटबॉल तालमींच्या समर्थकांनाही एकाच सतरंजीवर बसविणे शक्य आहे, कारण त्या रात्री ते ब्राझील आणि अर्जेंटिना यांत नव्याने विभागलेले असतात.

साडेतीनचा सामना सुटतो तो पहाटे साडेपाचच्या सुमारास, आणि त्यानंतर घरी काही करू नये. थोड्या वेळाने मिसळीची दुकाने उघडतात, तेथे कट आणि स्लाइस ब्रेड ज्याने त्याने स्वखर्चाने खावा. बाद फेरीपासून जादा 30 मिनिटे आणि पेनल्टी यांची तजवीज म्हणून दूध पाव लिटर अधिक असावे. अंतिम सामना आपल्याकडे रविवारची मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे सोमवार 20 जुलैच्या 12:30 ला आहे, तेव्हा रजेचे अर्ज शुक्रवारीच द्यावेत. राहता राहिली वर्गणी. ती सामना सुरू होण्यापूर्वी, फार तर पहिल्या चहाबरोबर, वसूल व्हावी. हिशेबनिसांच्या वहीत चार विश्वचषकांची येणी बाकी आहेत, आणि त्यांतील बहुतेक नावे ब्राझीलच्या समर्थकांची आहेत.