मिचेलाडा: मेक्सिकोची मसालेदार बियर

बियर ही निर्भेळच प्यावी, तीत परद्रव्य मिसळणे हा तिचा अवमान होय, असा ज्यांचा दृढ ग्रह आहे, त्यांनी मेक्सिकोच्या मुलुखातील मिचेलाडा एकवार चाखून आपली खातरजमा करून घ्यावी. पेल्याच्या कडेला लिंबू फिरवून ती मीठ व तिखट यांत बुडवावी, आत बर्फ, लिंबाचा ताजा रस, वूस्टरशायर सॉस, तिखट सॉसचे थोडे थेंब आणि मॅगीचा काळसर द्रव मसाला (नूडल्सच्या पुडीतला नव्हे!) घालावा, आणि मग हलकी, थंडगार लागर बियर पेला तिरपा धरून सावकाश ओतावी. मीठ बियरचा कडवटपणा दबवते, सबब लिंबाची आंबट चव अधिक खुलते.

नावांचा दस्तूर मात्र प्रांतोप्रांती निराळा. केवळ लिंबू व मीठ असलेल्या पेयास बहुधा चेलाडा म्हणतात. परंतु खुद्द मेक्सिको शहरात त्यालाच मिचेलाडा समजण्याची चाल असून, सॉस हवे असल्यास पुष्कळ ठिकाणी ‘क्युबाना’ मागावी लागते. टोमॅटोचा रस व शिंपल्यांचा अर्क यांचे क्लामाटो घातलेला प्रकारही लोकप्रिय आहे. आंबा आणि चामोय (फळांचा आंबट-तिखट सॉस) घातलेली मँगोचेलाडा मला पेयापेक्षा मिष्टान्नच वाटते.

लिंबू मूळचे आशियातील, ते स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत नेले. मिरची मूळची तिकडील, ती पोर्तुगीजांच्या अमदानीत गोव्यास उतरली. तेव्हा ही चव आपल्या जिभेस परकी वाटू नये. गडद, भाजक्या माल्टची बियर तेवढी टाळावी. लिंबाशी तिचे जमत नाही.